दरोग्यानं नेलेला जावई

वीस-बावीस वर्षं मी आबकारी खात्यात दरोगा होतो. मोहाच्या दारूच्या हातभट्ट्या शोधायच्या, माठ फोडायचे, आत आंबत घातलेला सडवा नालीत ओतायचा आणि हाती लागेल त्या माणसाला धरून बालाघाटला आणायचं, एवढंच काम. अशा कामात माणूस किती लोकप्रिय होतो ते सांगायला नको. खैरलांजीपासून बैहरपर्यंत कुठल्याही गावात माझी सायकल शिरली की आधी कुत्री ओरडत, मग बायका ओरडत, मग घराघरांतून माठ उचलल्याचे आवाज येत. मी चावडीपाशी पोचेपर्यंत गावात कोंबड्या आणि लंगडी म्हातारी माणसं तेवढी उरत. म्हाताऱ्यांना पळता येत नसे, म्हणून ते मला रामराम करत. माझ्या नोकरीतले बहुतेक रामराम मी असेच मिळवलेले आहेत.

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी ही नोकरी सोडली. लोकांना सांगायचो की समाजाचं भलं करावं असं मनात आलं. खरं कारण गुडघे. भट्टीवाला पळाला की त्याच्यामागं धानाच्या बांधावरून पळावं लागतं. बांध वीतभर रुंद, दोन्ही अंगांना चिखल, आणि पळणाऱ्याचं वय विसाच्या आत. मी पडायचो. दोन-तीनदा तर पळणाऱ्यानंच परत येऊन मला चिखलातून ओढून काढलं, पँट झटकून दिली आणि मग पुन्हा पळाला. अशा माणसावर खटला भरायला हात धजत नाही.

पण गुडघ्यांखेरीज दुसरंही एक कारण होतं आणि ते मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. मला एकदा तरी एखाद्या गावात पळापळ न होता शिरायचं होतं. कोणीतरी 'या, बसा' म्हणावं, खाट टाकावी, गडूभर पाणी द्यावं, आणि त्या पाण्यामागं 'हा कधी जाईल' हा विचार नसावा. बावीस वर्षांत एवढंही मिळालं नव्हतं आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं.

त्याच सुमारास बालाघाटला कुटुंबांचं आणि तरुणांचं कल्याण करणारं एक केंद्र निघालं. छप्पन साली राज्यांची वाटणी झाली, आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली, आणि तेव्हापासून सगळी कल्याणं भोपाळहूनच येऊ लागली. येताना ती हिंदी बोलत यायची आणि वाटेत जबलपूरला थांबून थोडी इंग्रजी शिकून घ्यायची. या केंद्राला जिल्ह्यातल्या गावांची माहिती असणारा माणूस हवा होता. गावांची माझ्याइतकी माहिती कोणाला? कोणाच्या घराला मागून किती दारं आहेत हे मला तोंडपाठ होतं. मला घेतलं.

आधी महिनाभर जबलपूरला शिकायला पाठवलं. वर्गात सगळी विशी-पंचविशीतली पोरं, मधे मी. शिकवणारा गुरुजी माझ्या मोठ्या मुलापेक्षा थोडाच मोठा. कुणाच्या घरात शिरताना चेहरा हसरा ठेवावा, समोरच्याचं बोलणं मधे न तोडता ऐकावं, मान हलवावी, असं तो शिकवायचा. मान कशी हलवायची तेही करून दाखवायचा. मी रोज संध्याकाळी आरशासमोर हसायचा सराव करायचो. घरी आलो तेव्हा बायकोनं दारातच विचारलं, "तोंडाले काय झालं? दाढ दुखून राह्यली का?"

माझ्या नव्या नोकरीबद्दल तिचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. "पोटच्या पोरासंग दोन शब्द बोलत नाही तुम्ही, आन जगाचे संसार जोडाले निघाले," ती म्हणाली. मग तिनं माझी खाकी पँट उसवली आणि तिची बाजाराची पिशवी शिवली. कापड बळकट होतं. खाकी कोट मात्र तिनं ठेवून दिला. पितळी बटणं खात्याला परत करावी लागली होती, पण कोट माझ्या पैशाचा होता.

पांढरा सदरा-पायजमा घालून, हसऱ्या चेहऱ्यानं मी पहिल्या गावात शिरलो. कुत्री ओरडली. बायका ओरडल्या. माठ उचलले गेले. फरक इतकाच की या वेळी लंगडे म्हातारेही पळायच्या बेतात होते. दरोगा साध्या कपड्यांत आला आहे आणि वर हसतो आहे, म्हणजे धाड फार मोठी असणार, असा गावानं अर्थ लावला. एका म्हाताऱ्याला कसाबसा थांबवून मी म्हटलं, "बाबा, मी आता दरोगा नाही. तुमच्या घरच्या अडचणी ऐकायला आलो आहे."

"अडचन काईच नाई साहेब," तो हात जोडून म्हणाला. "आमच्या गावात कोनीच पेत नाई."

वर्षभर असंच चाललं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा तर पीळ गेला होता, पण लोकांना तो दिसतच होता. कुठल्या घरात नवरा-बायकोचं भांडण आहे म्हणून मी जायचो, तर मला बघताच ती दोघं एकमेकांचा हात धरून उभी राहायची आणि आमचं फार उत्तम चाललं आहे म्हणायची. केंद्रात साहेब म्हणायचे, आपके इलाके में तो कोई झगड़ा ही नहीं. माझं कौतुक व्हायचं.

हे साहेब म्हणजे केंद्राचे संचालक. तिशीचे, भोपाळहून आलेले, समाजकार्याची पदवी घेतलेले. मनानं वाईट नव्हते. रस्त्यात कुत्रं लंगडताना दिसलं तरी जीप थांबवायचे. पण आपल्याला जे दिसलं तेच खरं असं त्यांना वाटायचं आणि त्यांना फार भराभर दिसायचं.

एका पावसाळ्यात, धानाची रोवणी ऐन रंगात असताना, ते खैरलांजीकडच्या एका गावी तरुणांचं मंडळ स्थापन करायला निघाले. बरोबर मी. गावाच्या अलीकडं जीप चिखलात रुतली. शेजारच्या बांधीत एक पोरगा बैलजोडी घेऊन चिखलणी करत होता. त्यानं न बोलावता बैल सोडून आणले, दोर बांधला आणि जीप बाहेर ओढली. साहेबांनी त्याला काही देऊ केलं, ते त्यानं घेतलं नाही. तेव्हाच साहेबांच्या डोळ्यांत चमक आली. त्यांनी चौकशी सुरू केली.

"तनखा कितनी मिलती है?"

"काईच नाई जी."

"सोते कहाँ हो?"

"कोठ्यात. बैलाजवळ."

"खाना?"

"मामाजी देतेत."

"कब से?"

पोरगा आभाळाकडं बघून म्हणाला, "लय वर्सं झाली जी."

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. हा गुलाम आहे, असं ते मला इंग्रजीत म्हणाले.

मी त्या पोराला ओळखत होतो आणि त्याच्या मामाजीला, म्हणजे होणाऱ्या सासऱ्याला, तर फारच ओळखत होतो. तो पोरगा लमसेना होता. लग्नात द्यायला ज्याच्याकडं काही नाही असा गरीब घरचा मुलगा पोरीच्या बापाच्या घरी ठरलेली वर्षं राबतो आणि मुदत सरली की ती पोरगी त्याची. मूळ ही बैहरकडच्या जंगलातली चाल, पण आमच्या धानाच्या पट्ट्यातल्या काही शेतकऱ्यांनीही ती उचलली होती, कारण फुकटचा नांगऱ्या कोणाला नको असतो? या चालीत एक मेख होती. मुदत सरायच्या आत लमसेना घर सोडून गेला, तर त्याचं सगळं राबणं बुडालं आणि पोरीवरचा हक्कही गेला.

याचा होणारा सासरा मोठा बेरकी. त्याला मुलगा नव्हता, दोन पोरी. थोरली लग्नाची आणि धाकटी दहा-बारा वर्षांची. याची पाच वर्षांची मुदत केव्हाच सरली होती, पण सासरा लग्न लावायचं नाव घेत नव्हता. एका वर्षी बैल मेला, एका वर्षी आत्या मेली, आणि एका वर्षी कोणीच मेलं नाही तेव्हा मुहूर्त मिळाला नाही. लग्न झालं की जावई वेगळी चूल मागणार, मग शेती कोण करणार? शिवाय त्याच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, भोपळ्याच्या वेलाखाली गावातली सगळ्यात मोठी भट्टी होती. ती मी बावीस वर्षं शोधत होतो. मला जागा ठाऊक होती, वास यायचा, पण दर वेळी मी पोचेपर्यंत तिथं नुसता भोपळा असायचा.

मी साहेबांना म्हटलं, "साहब, ये दामाद है."

"शादी हुई?"

"नहीं."

"तो दामाद कैसे?"

"होने वाला है."

"कब?"

"यही तो किसी को मालूम नहीं."

साहेबांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणाले की तुम्ही जुन्या काळचे आहात, तुम्हाला अन्याय दिसत नाही. मग त्यांनी त्या पोराला जीपमध्ये बसवलं. तो म्हणत होता, "मामाजीले सांगून येतो जी, बैल उभे हायेत." साहेब मला म्हणाले, "हाथ पकड़िए इसका, घबरा रहा है, कूद न जाए." मी त्याचा दंड धरला. माणसाचा दंड हातात आला की कसा धरायचा हे हाताला बावीस वर्षं पाठ होतं. गावच्या रस्त्यानं जीप गेली तेव्हा रोवणीच्या बायका कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. बैल तसेच चिखलात उभे होते.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या दिवाणखान्यात समारंभ झाला. शहरातले चार वकील, दोन डॉक्टर, त्यांच्या बायका, एक फोटोवाला. पोराला न्हाऊ घालून नवा सदरा दिला होता, गळ्यात हार. एका वकिलानं स्वातंत्र्य या विषयावर भाषण केलं. तो मूळचा आमच्याच गल्लीतला, घरी मराठी बोलणारा, पण भाषण हिंदीतच करायचं अशी आता रीत पडली होती, आणि ते त्याला जमत नव्हतं म्हणून ते लांबलं. महिला मंडळानं घोंगडी दिली. मग साहेब पोराला म्हणाले, दो शब्द बोलो.

पोरगा उभा राहिला. "मले घरी जाऊ द्या," तो म्हणाला आणि रडायला लागला.

"देखिए!" साहेब सद्गदित होऊन म्हणाले. "इतने सालों बाद इसे आज अपने घर की याद आई है!"

टाळ्या पडल्या. फोटोवाल्यानं रडताना फोटो घेतला. मी मागच्या बाकावर बसलो होतो आणि मला इतकी लाज वाटत होती की मी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेबांच्या ते लक्षात आलं.

सुटका झालेला पोरगा सकाळच्या बसनं सासऱ्याकडं परत गेला आणि संध्याकाळच्या बसनं केंद्रात परत आला. सासऱ्यानं दारातच अडवलं होतं. मुदत बोलीप्रमाणे सरली की नाही यावर आता बोलायचं कारणच उरलं नव्हतं. लमसेना घर सोडून गेला, गावानं पाहिलं, विषय संपला. इतक्या वर्षांची शेती फुकट झाली आणि पोरगीही घरात राहिली. त्या माणसानं साहेबांच्या नावानं नारळ कसा फोडला नाही याचंच मला नवल वाटतं.

पोराला स्वतःचं घर असं नव्हतंच. आईबाप लहानपणीच गेलेले, भाऊ दुसऱ्याच्या शेतावर. साहेबांनी त्याला केंद्रातच पाणी भरायला ठेवलं. पगाराची मंजुरी भोपाळहून यायची होती. तोवर तो केंद्राच्या ओसरीवर झोपे, पाणी भरे, झाडलोट करी आणि साहेबांच्या घरून येईल ते खाई. कोठ्याची ओसरी झाली आणि मामाजीचे साहेब झाले, बाकी सगळं तेच. फक्त इथं पोरगी नव्हती. हे मी साहेबांना एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, मंज़ूरी आ रही है.

पोरगा बोलायचा नाही. मला एकदाच म्हणाला, "दरोगाजी, धान बुडालं असतं तं म्हनलं असतं पुढच्या वर्सी पेरू. हे तं वर्सं हायेत." त्यानंतर मला केंद्रात जेवण गोड लागेना. मी सायकल काढली आणि त्या गावी गेलो.

नेहमीची पळापळ झाली. विहिरीवर एकच पोरगी उरली होती, ती पळाली नाही. पाणी ओढत राहिली. सासऱ्याची थोरली. अंगानं दणकट, नजर सरळ. माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्याले नेलं आन आता काय नेता? बैल राह्यले हायेत."

मी जबलपूरला शिकवलेली मान हलवली. मधे न तोडता ऐकलं. ती म्हणाली की बाप दुसरा लमसेना बघून राह्यला आहे, पोळा झाला की तो घरी येईल, मग पुन्हा पाच वर्षं. "मंग मी म्हातारी झाल्यावर तो म्हनन, मुहूर्त नाई."

"तुला तोच पाहिजे का?" मी विचारलं.

"मी का बैल हावो, जो जुंपन त्याच्यासंग चालाले?" ती म्हणाली. "हौ. तोच पाह्यजे."

मी तिला समजावून सांगितलं की मी फार धडपड करतो आहे, पण चालच अशी आहे, तो गेला. तेव्हा तिनं बादली दाणकन खाली ठेवली.

"गेला कुठी? नेला. माह्या काकाले नेलतं ना तुम्ही, दारूपायी? तोई लमसेनाच होता तवा. तीन महिने जेलात होता. आला आन लगन लागलं. कोनी म्हनलं का तो सोडून गेला? दरोग्यानं नेलेला मानूस गेलेला नसते."

मी म्हटलं, "पोरी, पण मी आता दरोगा नाही. नोकरी सोडली. आता मी लोकांच्या घरचं बघतो."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं, पांढऱ्या सदऱ्यापासून पायजम्यापर्यंत. तिच्या चेहऱ्यावर इतकी निराशा दिसली की मला ओशाळल्यासारखं झालं. "मंग तुमचा काय उपेग?" ती म्हणाली आणि घागर उचलून निघून गेली.

परतताना हट्टा गावच्या बावडीपाशी मी सायकल टेकवली आणि पायऱ्यांवर बसलो. पूर्वी दबा धरून बसायला ही माझी थंडगार जागा होती. मला राग आला होता. माझ्या मनात आलं, मी वर्षभर हसून तोंड दुखवून घेतलं, मान हलवून मान दुखवून घेतली, आणि एका पोरीला माझ्याकडून हवा आहे तो तोच दरोगा, ज्याला मी मारून टाकलं. थोड्या वेळानं राग निवळला आणि पोरीचं म्हणणं खरं आहे हे ध्यानात आलं. मी तिथं बसून एकटाच हसलो. या वेळी सराव न करता.

घरी येऊन बायकोला म्हटलं, कोट काढ. पँट मागितली तर तिनं पिशवी दाखवली, तीत वांगी होती. कोटाला तिनं पांढरी शर्टाची बटणं लावून दिली. सगळं ऐकल्यावर ती एवढंच म्हणाली, "येवढं घरी कधी डोकं चालवलं असतं तं बरं झालं असतं." पण इस्त्री तिनंच केली.

साहेबांना मी काही सांगितलं नाही. त्या पोराला सांगितलं की उद्या माझ्याबरोबर यायचं आणि तोंड बंद ठेवायचं. तोंड बंद ठेवायची त्याला सवयच होती. वाटेत त्यानं माझा पायजमा निरखला, तेव्हा बायकोनं पँटीची पिशवी शिवल्याचं मीच त्याला सांगितलं.

गावच्या पंचांची बैठक मीच बोलावली. वरून खाकी कोट, खालून पायजमा, असा मी गावात शिरलो. पायजमा कोणी बघितलाच नाही. कुत्री ओरडली, बायका ओरडल्या, माठ खणखणले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते आवाज ऐकून मला बरं वाटलं. मी हसलो नाही. पंच घाबरत घाबरत पारावर येऊन बसले. पाचांपैकी तिघांना मी कधी ना कधी धरून नेलेलं होतं. सासराही आला, गरीब चेहरा करून. थोरली आणि धाकटी दाराआड उभ्या होत्या.

"हा पोरगा घर सोडून गेला, असं तुमचं म्हणणं आहे?" मी सासऱ्याला विचारलं.

"हौ जी. आपल्या पायानं गेला. मी त लय समजावलं."

"पायानं गेला? जीपला पाय असतात?"

कोणीतरी मागं फिसकन हसलं. मी पंचांकडं वळलो. "जीपमध्ये याचा दंड कोणी धरला होता? रोवणीच्या बायकांनी बघितलं असेल."

"तुमीच धरलता जी," गर्दीतून एक म्हातारी म्हणाली. "मी पाह्यलं ना. चांगला घट धरलता."

"मग आता पंचांनी सांगावं. मी दंड धरून ज्याला नेला, तो गेला म्हणायचा की नेला म्हणायचा?"

पंच एकमेकांकडं बघू लागले. त्यांतला सगळ्यात म्हातारा, ज्याला मी दोनदा नेला होता, डोकं खाजवत म्हणाला, "आता मलेई नेलतं साहेबानं. तवा का माही बायको मोकळी झालती? नेला म्हंजे नेला."

दुसरा लगेच म्हणाला, "नाईतं माहं वावर भावानं घेतलं असतं, सोडून गेला म्हनून." तिसऱ्यानं मान हलवली. आपापल्या अनुभवावरून पंचांचा निकाल होऊ लागला होता.

सासरा मात्र कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "पन साहेब," तो म्हणाला, "दरोगा नेते त दारूपायी नेते. हा पोरगा त पेत नाई, गाळत नाई. मंग कायच्यासाठी नेलं ते सांगा ना पंचाईले."

याचीच मी वाट बघत होतो. मी शांतपणे उठलो, कोटाची शर्टाची बटणं लावली आणि म्हटलं, "सांगतो की. पण इथं नको. सगळे पंच चला, सांदवाडीत भोपळ्याच्या वेलाखाली बसू. कशासाठी नेलं ते तिथंच दाखवतो."

पारावर कोणी हललं नाही. सासऱ्याचा चेहरा आधी भोपळ्यासारखा पिवळा झाला, मग राखेसारखा. त्या दिवशी माठ हलवायला त्याला वेळ मिळाला नव्हता, कारण पळापळ झाली तेव्हा तो पंचांसाठी गरीब चेहरा करण्यात गुंतला होता.

"नेलं जी, नेलं," तो घाईघाईनं म्हणाला. "दरोगा साहेबानंच नेलं. मीच पाह्यलं माह्या डोऱ्यानं. पोरगं बिचारं बैल सोडतो म्हनत होतं."

"मंग तुह्या भट्टीपायी पोरगं नेलं, म्हंजे तिकडंई ते तुह्याच कामाले होतं," म्हातारा पंच म्हणाला. "तुळशीचं लगन झालं का याचंई लावून टाक. आता कोनी मेलं तरी मुहूर्त सोडाचा नाई."

पोरगा माझ्यामागं उभा होता. मी वळून बघितलं तर तो रडत होता. या वेळी फोटोवाला नव्हता. मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो हे मी वाटभर स्वतःला सांगत आलो. मी दरोगा आहे असं मी म्हटलंच नाही. मी फक्त कोट घातला होता.

साहेबांना पुढं लग्नाचं कळलं तेव्हा ते फार आनंदले. बंधनातून सोडवलेल्या तरुणाचा संसार केंद्रानं उभा करून दिला, असं त्यांनी वकील-डॉक्टरांना सांगितलं आणि मलाही खुशीनं सांगितलं की बघा, मी म्हणत होतो ना. मी मान हलवली. मंजुरी तोवरही आली नव्हती.

लग्नाला मी पांढरा सदरा घालून गेलो. आता तरी या गावात पाहुणा म्हणून शिरू, असं मनाशी ठरवलं होतं. वेशीत पाय ठेवला, कुत्री ओरडली. मांडवामागं माठांची खणखण झाली. जेवणाची अर्धी पंगत उठून घरांमागं गेली, वाढणारे उरलेल्या पानांवर भात टाकत राहिले. सासऱ्यानं स्वतः येऊन माझ्यासाठी खाट टाकली, वर धुतलेली चादर घातली, पाणी आणलं. बावीस वर्षं मी ज्याची वाट बघितली होती ते सगळं माझ्यापुढं मांडलं होतं आणि तो माणूस थरथरत होता. मी गडू तसाच खाली ठेवला. मला अगदी रडू आलं. मी ठरवलं, आता उठून सगळ्यांना सांगून टाकायचं. मी उभा राहिलो, घसा खाकरला.

नवरी हळदीच्या अंगानं बायकांतून उठून माझ्याकडं आली. तिनं मला खाकरताना ऐकलं होतं.

"काय सांगता जी?" तिनं हळूच विचारलं.

"हेच की मी दरोगा नाही. यांना म्हणावं, पळू नका. जेवा."

तिनं मांडवाच्या कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं तिची धाकटी बहीण नवा परकर नेसून चिंचोके खेळत होती. पलीकडं, बैलांच्या गव्हाणीजवळ, मिसरूडही न फुटलेला एक पोरगा पत्रावळीवर खाली मान घालून जेवत होता. अंगावर नवरदेवाचाच जुना सदरा होता.

"पोळ्यालेच आनला बाबानं," ती म्हणाली. "लहानीसाठी. पाच वर्सं म्हनते."

मी पुन्हा खाटेवर बसलो.

"म्हनून म्हनते, नका सांगू कोनाले," ती म्हणाली. "आन तुमच्या घरच्या मामीले म्हना, त्या कोटाची पिशवी नका शिवू."